एचव्हीडीसीचं कंट्रोल ट्यून करताना: आतून बाहेर, एकेक लूप

मध्यंतरी ठाण्याहून एक मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. एम.टेक.चं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी वीजवाहिनीच्या) कन्व्हर्टरच्या, म्हणजे एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणाऱ्या यंत्रणेच्या, कंट्रोलवर. मॉडेल चालू केलं की अर्ध्या सायकलच्या आत करंट मर्यादेला आपटायचा आणि ट्रिप. "मॅडम, गेन अर्धा केला, पाव केला, पीएलएल बदलला, डीसी व्होल्टेजचा लूप बदलला, काही फरकच पडत नाही." तीन आठवडे हेच चाललं होतं. (लूप म्हणजे मोजून दुरुस्त करत राहणारी साखळी, गेन म्हणजे ती दुरुस्ती किती जोराने करायची तो आकडा, पीएलएल म्हणजे ग्रिडच्या व्होल्टेजचा कोन पकडणारा भाग.) आम्ही मॉडेल मिटलं, कोऱ्या कागदावर आकडे मांडले आणि चूक सापडली. ती कोणती हे टप्पा ३ मध्ये येईल.

असे प्रसंग माझ्याकडे इतक्या वेळा आले आहेत की आता सगळा क्रम एकदाच लिहून ठेवते. बहुतेक जण सगळे लूप एकदम चालू करतात आणि मग जो दिसेल तो गेन फिरवत बसतात. एचव्हीडीसीच्या कंट्रोलमध्ये लूप एकात एक बसलेले असतात. आतला नीट नसेल तर बाहेरच्याला कितीही समजावलं तरी तो ऐकत नाही. दुसरं, ज्याला आपण गेनचा दोष म्हणतो तो निम्म्याहून जास्त वेळा युनिटचा, चिन्हाचा किंवा मोजमापाचा दोष निघतो. म्हणून या लेखात ट्यूनिंगइतकीच जागा तपासण्यांना दिली आहे.

उदाहरणासाठी मुंबईला वीज आणणाऱ्या कुडूस–आरे एचव्हीडीसी लिंकच्या आकाराचा कन्व्हर्टर घेऊ: १००० मेगावॅट, ±३२० केव्ही, व्होल्टेज सोर्स प्रकारचा. बाकीचे आकडे मी हिशेबाला सोपे पडतील असे धरले आहेत, ते प्रत्यक्ष स्टेशनचे नाहीत. कन्व्हर्टर हाफ-ब्रिज एमएमसी (मॉड्युलर मल्टिलेव्हल कन्व्हर्टर) आहे असं समजा: प्रत्येक फेजला वरचा आणि खालचा असे दोन आर्म, आणि प्रत्येक आर्ममध्ये कपॅसिटर असलेल्या सबमॉड्यूलची माळ.

## टप्पा १: कागदावरची तयारी

सिम्युलेशनची फाइल उघडण्याआधी हे आकडे एका पानावर लिहा आणि ते पान समोर ठेवा.

- बेस पॉवर १००० एमव्हीए, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे ३१४.१६ रेडियन प्रति सेकंद.
- ट्रान्सफॉर्मरच्या कन्व्हर्टर बाजूचं व्होल्टेज ३३० केव्ही. बेस इम्पिडन्स ३३० चा वर्ग भागिले १००० = १०८.९ ओहम.
- पोल ते पोल डीसी व्होल्टेज ६४० केव्ही. पूर्ण लोडला डीसी करंट १००० मेगावॅट भागिले ६४० केव्ही = सुमारे १५६२ अँपिअर.
- ट्रान्सफॉर्मर लीकेज ०.१५ पीयू (पर युनिट, म्हणजे बेसच्या पटीत), आर्म रिॲक्टर ०.१५ पीयू, एकूण रेझिस्टन्स ०.००५ पीयू.
- सबमॉड्यूलच्या कपॅसिटरमधली ऊर्जा ३० किलोज्यूल प्रति एमव्हीए. म्हणजे एका स्टेशनात ३० मेगाज्यूल.
- कंट्रोलचं चक्र १०० मायक्रोसेकंद. मोजमापापासून स्विचिंगपर्यंतचा एकूण विलंब सुमारे २५० मायक्रोसेकंद.

इथेच पहिली चूक होते. एसी बाजूने बघितलं तर वरचा आणि खालचा आर्म समांतर असतात, म्हणून आर्म रिॲक्टरचा निम्माच भाग मोजायचा. आपला एकूण रिॲक्टन्स ०.१५ अधिक ०.०७५ = ०.२२५ पीयू, म्हणजे २४.५ ओहम, म्हणजे ७८ मिलिहेन्री. ०.३० धरणारे बरेच भेटतात. आर्ममध्येच फिरणाऱ्या सर्क्युलेटिंग करंटच्या वाटेत मात्र दोन्ही आर्म एकामागोमाग येतात, तिथे दुप्पट मोजायचा.

मग चिन्हं ठरवा आणि शब्दांत लिहून ठेवा: "एसी ग्रिडमधून डीसीत जाणारी पॉवर धन." एका स्टेशनात असं आणि दुसऱ्यात उलट, असं करू नका. आळसापोटी एक मॉडेल कॉपी करून दुसरं टोक बनवलं की हा घोळ हमखास होतो.

शेवटी ग्रिड. अनंत ताकदीचा आदर्श सोर्स जोडून ट्यून केलेलं कंट्रोल प्रत्यक्षात टिकत नाही. थेवेनिन सोर्स (आदर्श सोर्स आणि त्याच्यापुढे रिॲक्टन्स) घ्या, त्याचा रिॲक्टन्स पीयूमध्ये एक भागिले शॉर्ट सर्किट रेशो (ग्रिडची ताकद कन्व्हर्टरच्या किती पट ते). तीन फाइली करा: रेशो १०, ३ आणि २. पहिल्या फाइलवर ट्यून करायचं, उरलेल्या दोन टप्पा ८ साठी.

तपासा: एका फेजचं शिखर व्होल्टेज ३३० × √२ ÷ √३ = २६९ केव्ही. निम्मं डीसी व्होल्टेज ३२० केव्ही. गुणोत्तर ०.८४ येतं, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरसाठी वर जागा आहे. तुमचं ०.९८ वगैरे येत असेल तर पुढे जाऊ नका, ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज आधी बघा.

## टप्पा २: मोजमाप आणि पीएलएल, कन्व्हर्टर ब्लॉक ठेवून

या टप्प्यात कन्व्हर्टरला एकही पल्स द्यायचा नाही. फक्त बसचं व्होल्टेज मोजायचं, त्याचं डीक्यूमध्ये (ग्रिडबरोबर फिरणाऱ्या डी आणि क्यू अक्षांवर) रूपांतर करायचं आणि पीएलएल लॉक होतो का ते बघायचं.

रूपांतराचे दोन सापळे. एक, अक्ष कुठे धरलाय. सिम्युलिंकच्या एबीसी-डीक्यू ब्लॉकमध्ये अक्ष फेज ए वर आहे की ९० अंश मागे, हे निवडावं लागतं. एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं राहिलं की डी आणि क्यू आपसांत बदलतात. दुसरा सापळा दीडपटीचा. रूपांतर ॲम्प्लिट्यूड कायम ठेवणारं असेल तर खऱ्या युनिटमध्ये पॉवर = १.५ × डी-व्होल्टेज × डी-करंट. पॉवर कायम ठेवणारं असेल तर १.५ नको. पुढे करंट सुरू झाल्यावर १ पीयू डी-करंटला कंट्रोलमध्ये मोजलेली पॉवर १००० ऐवजी ६६७ किंवा १५०० मेगावॅट दिसली, तर दोष इथेच आहे हे ओळखा.

आता पीएलएल. व्होल्टेज पीयूमध्ये दिलं तर हिशेब सरळ आहे: इंटिग्रल गेन (साचत गेलेल्या चुकीवरचा) म्हणजे नैसर्गिक फ्रिक्वेन्सीचा वर्ग, प्रपोर्शनल गेन (आत्ताच्या चुकीवरचा) म्हणजे दोन × डॅम्पिंग × नैसर्गिक फ्रिक्वेन्सी. १० हर्ट्झ म्हणजे ६२.८ रेडियन प्रति सेकंद आणि डॅम्पिंग ०.७०७ घेतलं, तर प्रपोर्शनल ८९ आणि इंटिग्रल ३९५०. क्यू-व्होल्टेज पीयूऐवजी केव्हीत दिलं तर गेन २६९ पट वाढतो. पीएलएल तरीही लॉक झाल्यासारखा दिसतो, आणि लोड आलं की थरथरायला लागतो.

तपासा: स्थिर अवस्थेत डी-व्होल्टेज १ आणि क्यू-व्होल्टेज ० हवं. उलटं असेल तर अक्षाचा घोळ. दोन्ही पूर्ण उंचीने १०० हर्ट्झवर नाचत असतील तर कुठेतरी दोन फेजची अदलाबदल झाली आहे. मग ग्रिडच्या कोनाला ३० अंशांची उडी द्या. सुमारे १०० मिलिसेकंदांत कोन परत लागायला हवा, दोन-तीन हेलकाव्यांपेक्षा जास्त नको.

## टप्पा ३: आतला करंट लूप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डीसी बाजूला ६४० केव्हीचा आदर्श सोर्स लावा, म्हणजे डीसी व्होल्टेजची चिंता नाही. कन्व्हर्टरचं सरासरी मॉडेल घ्या, एकेका सबमॉड्यूलचं नको. बाहेरचे सगळे लूप तोडा. करंटचे ऑर्डर, म्हणजे हव्या त्या किमती, तुम्ही हाताने देणार.

नियम सोपा आहे. हवा तो टाइम कॉन्स्टंट (६३ टक्के गाठायला लागणारा वेळ) ठरवा, विलंबाच्या निदान सहा-सात पट. आपला विलंब ०.२५ मिलिसेकंद, म्हणून २ मिलिसेकंद घेऊ. मग:

- प्रपोर्शनल = इंडक्टन्स ÷ टाइम कॉन्स्टंट = ०.०७८ ÷ ०.००२ = ३९ ओहम
- इंटिग्रल = रेझिस्टन्स ÷ टाइम कॉन्स्टंट = ०.५४५ ÷ ०.००२ = २७२ ओहम प्रति सेकंद

दोन्हींना १०८.९ ने भागलं की पीयू मिळतं: ०.३५८ आणि २.५.

आता त्या मुलाची चूक. त्याचं कंट्रोल पीयूमध्ये होतं. सूत्रात इंडक्टन्सच्या जागी त्याने रिॲक्टन्सचं पीयू मूल्य तसंच टाकलं: ०.२२५ ÷ ०.००२ = ११२.५. पीयूमध्ये रिॲक्टन्स आणि इंडक्टन्सचा आकडा एकच दिसतो, पण टाइम कॉन्स्टंट सेकंदांत असल्यामुळे मध्ये ३१४ ने भागायचं राहिलं. गेन ३१४ पट मोठा. त्याने तो ५६ केला, २८ केला, १० पर्यंतही आणला. योग्य आकडा ०.३६ असताना १० म्हणजे अजून २८ पट जास्तच. अर्धा-अर्धा करत तो तिथवर पोचण्याआधी कंटाळला आणि दोष पीएलएलला दिला. आकडा घातल्यावर पहिल्याच रनमध्ये करंट सरळ रेषेत चढून थांबला. तो बराच वेळ त्या आलेखाकडे बघत राहिला.

म्हणून सांगते, गेन चाचपडत शोधू नका. आधी काढा, मग बघा, आणि फार तर दुप्पट-निम्म्याच्या आत हलवा. त्याहून जास्त हलवावा लागतोय म्हणजे दुसरीकडे काहीतरी चुकलंय.

दोन गोष्टी जोडायच्या राहिल्या. डी-क्यूमधली सरमिसळ काढणारी टर्म: रिॲक्टन्स गुणिले समोरच्या अक्षाचा करंट. आणि बसच्या व्होल्टेजचं फीड-फॉरवर्ड (मोजलेलं व्होल्टेज थेट आउटपुटमध्ये मिळवणं), त्याला सुरुवातीला अर्ध्या मिलिसेकंदाचा फिल्टर ठेवा.

क्रम असा:

१. दोन्ही ऑर्डर शून्य ठेवून डीब्लॉक करा, म्हणजे पल्स सुरू करा. करंट ०.०५ पीयूच्या वर झटका घेत असेल तर फीड-फॉरवर्डचा कोन किंवा ट्रान्सफॉर्मरच्या ३० अंशांचा फेज शिफ्ट विसरला आहात. पीएलएल ग्रिड बाजूचं व्होल्टेज बघतो आणि कन्व्हर्टर डेल्टा बाजूला बसलाय, हे फार वेळा घडतं.

२. डी-करंटला ० वरून ०.३ ची पायरी द्या. २ मिलिसेकंदांत ६३ टक्के, ६ मिलिसेकंदांत ९५ टक्के, विलंबाचा थोडा भाग वेगळा.

३. त्याच वेळी क्यू-करंट बघा. तो पायरीच्या दहाव्या भागापेक्षा कमी हलायला हवा. चांगलाच उसळत असेल तर सरमिसळीच्या टर्मचं चिन्ह उलटं आहे. चिन्ह चुकलं की सरमिसळ जाण्याऐवजी दुप्पट होते.

४. हेच क्यू-करंटला, मग दोघांना ऋण दिशेने.

सावधान: पायरी १ पीयूची देऊ नका. कन्व्हर्टरचं व्होल्टेज मर्यादेला टेकतं आणि तुम्ही लूप नाही, मर्यादा बघत बसता.

## टप्पा ४: एमएमसीच्या पोटातलं

सरासरी मॉडेलवर टप्पा ३ पक्का झाला की मग सबमॉड्यूलचं मॉडेल घ्या. कपॅसिटर समतोल ठेवणारा भाग आधी. त्याच्याशिवाय बाकी काहीच बघण्यात अर्थ नाही.

सर्क्युलेटिंग करंटमधला मोठा घटक दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, आपल्याकडे १०० हर्ट्झचा, आणि निगेटिव्ह सीक्वेन्सचा (फेजचा क्रम उलटा असलेला) असतो. त्याला दाबणारा कंट्रोलर उलट्या दिशेने, दुप्पट वेगाने फिरणाऱ्या अक्षांवर बसवतात. दिशा चुकवली तर तो दोनशे हर्ट्झचा कुठलातरी अवतार बघतो आणि बिचारा काहीच दाबू शकत नाही.

तपासा: अर्ध्या लोडवर कंट्रोलर बंद, मग चालू. आर्मच्या करंटमधला १०० हर्ट्झचा भाग उठून दिसेल इतका कमी व्हायला हवा, आणि बाहेरच्या एसी करंटला त्याचा पत्ताही लागता कामा नये. बाहेरचा करंट हलला तर वरच्या-खालच्या आर्मची बेरीज-वजाबाकी उलटसुलट झाली आहे.

## टप्पा ५: बाहेरचे लूप

डीसी बाजूचा आदर्श सोर्स आता काढा. त्याच्या जागी करंट सोर्स लावा, म्हणजे दुसऱ्या टोकाची नक्कल झाली.

डीसी व्होल्टेजचा लूप आतल्याच्या दहापट संथ ठेवू: आतला ५०० रेडियन प्रति सेकंद, बाहेरचा ५०. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणून व्होल्टेजचा वर्गच कंट्रोल केला तर गणित सरळ राहतं. ३० मेगाज्यूल भागिले १००० एमव्हीए = ०.०३ सेकंद. प्रपोर्शनल = ०.०३ × ५० = १.५. इंटिग्रल = १.५ × ५० ÷ ४ = सुमारे १८.८. वर्ग न घेता थेट व्होल्टेज कंट्रोल करणार असाल तर दोन्ही गेन दुप्पट करा, म्हणजे प्रपोर्शनल ३. पुस्तकातल्या एका पद्धतीचं सूत्र आणि दुसऱ्या पद्धतीचा आकडा असं मिसळलं की लूप निम्म्या वेगाचा होतो आणि का ते कळत नाही.

चिन्हाची परीक्षा इथे होते. आपण ठरवलंय की एसीतून डीसीत जाणारी पॉवर धन. मग डीसी व्होल्टेज पडलं की डी-करंटचा ऑर्डर वाढायला हवा. चिन्ह उलटं असेल तर याच गेनवर चूक साधारण दर १२ मिलिसेकंदांनी दुप्पट होते. डोळ्यांदेखत नाही, त्याआधीच ट्रिप. आलेख ताणून बघा: व्होल्टेज हेलकावे न घेता एकाच दिशेने पळालं असेल तर चिन्ह, हेलकावे वाढत गेले असतील तर गेन. हा फरक ओळखता आला की कित्येक दिवस वाचतात.

रिॲक्टिव्ह पॉवर आणि एसी व्होल्टेजचे लूप त्यानंतर, आणखी संथ, २० रेडियन प्रति सेकंदाच्या आसपास. ॲक्टिव्ह पॉवरच्या ऑर्डरला रॅम्प लावा.

तपासा: ०.२ पीयूचा लोड झटक्यात जोडा. डीसी व्होल्टेज खाली जाऊन पाव सेकंदात परत जागेवर यावं, वर फारसं उसळू नये.

## टप्पा ६: मर्यादा आणि इंटिग्रेटर

हा टप्पा लोक विसरतात, कारण साध्या रनमध्ये त्याची गरजच दिसत नाही. करंटची एकूण मर्यादा १.१ पीयू समजा. डी आणि क्यू या दोघांना स्वतंत्रपणे १.१ दिलं तर कोपऱ्यात एकूण करंट १.५६ होतो, व्हॉल्व्हला (कन्व्हर्टरच्या स्विचना) ते झेपणार नाही. वर्गांची बेरीज करूनच मर्यादा लावायची, आणि आधी कोणाला वाटा द्यायचा ते ठरवायचं.

क्यूला आधी दिलं आणि फॉल्टमध्ये क्यूने १.० घेतला, तर डीसाठी १.२१ वजा १ चं वर्गमूळ, म्हणजे जेमतेम ०.४६ उरतो. हे टोक डीसी व्होल्टेज सांभाळत असेल तर त्याने सांभाळायचं कशाने? म्हणून डीसी व्होल्टेजच्या टोकावर प्राधान्य ठरवताना टप्पा ८ मधला ऊर्जेचा हिशेब आधी करा.

ऑर्डर मर्यादेला टेकला की बाहेरच्या लूपचा इंटिग्रेटर थांबलाच पाहिजे. आणि कन्व्हर्टर ब्लॉक असताना सगळे इंटिग्रेटर शून्यावर धरून ठेवायचे. डीब्लॉक करताच करंटने झेप घेतली तर दहापैकी नऊ वेळा एखादा इंटिग्रेटर आधीपासून भरत बसलेला असतो.

## टप्पा ७: दोन टोकं जोडणं

एका टोकाने डीसी व्होल्टेज धरायचं, दुसऱ्याने पॉवर. दोन्ही टोकं व्होल्टेज धरायला गेली तर मोजमापातल्या बारीकशा फरकावर आपसांत भांडतात. दोन्ही पॉवरवर असतील तर व्होल्टेजला वालीच उरत नाही. साधारणपणे ज्या टोकाचं ग्रिड जास्त ताकदीचं, त्याला व्होल्टेज द्या. पॉवरच्या टोकाला एक खिडकी द्या, उदाहरणार्थ ०.९२ ते १.०८ पीयू. व्होल्टेज तिच्याबाहेर गेलं की पॉवर सोडून त्याने व्होल्टेज वाचवायला यायचं.

चालू करण्याचा क्रम:

१. दोन्ही कन्व्हर्टर ब्लॉक, डीसी आयसोलेटर बंद स्थितीत, म्हणजे जोडलेले. एसी ब्रेकर उघडे.

२. व्होल्टेजच्या टोकाचा एसी ब्रेकर प्री-इन्सर्शन रेझिस्टरमधून (सुरुवातीचा करंट आवरणाऱ्या) लावा. सबमॉड्यूलचे कपॅसिटर डायोडमधून आपोआप चार्ज होतात. डीसी व्होल्टेज ३३० × √२ = ४६७ केव्हीपर्यंत, म्हणजे ७३ टक्क्यांपर्यंत चढून थांबेल. हे थांबणं बरोबर आहे, त्याला दोष समजू नका.

३. चार्जिंगचा करंट जवळजवळ शून्यावर आला की रेझिस्टर बायपास करा.

४. मगच डीब्लॉक. डीसी व्होल्टेजचा ऑर्डर मोजलेल्या किमतीपासून सुरू करून रॅम्पने ६४० वर न्या. एकदम ६४० दिलं तर सरळ करंटच्या मर्यादेला धडक.

५. दुसऱ्या टोकाचा ब्रेकर त्याच रीतीने. मग शून्य पॉवरवर डीब्लॉक, मग रॅम्प.

तपासा: दुसऱ्या टोकाचा एसी ब्रेकर न लावता ते फक्त डीसीकडून चार्ज होत असेल, तर प्रत्येक आर्मच्या वाट्याला डीसी व्होल्टेजच्या निम्मंच येतं, कारण दोन आर्म एकामागोमाग आहेत. कपॅसिटर निम्म्यावर असताना डीब्लॉकची परवानगी देणारं इंटरलॉक लिहू नका.

## टप्पा ८: फॉल्ट, अशक्त ग्रिड, तुटलेलं ग्रिड

सर्वांत वाईट प्रसंग: पॉवर घेणाऱ्या टोकाला तीन फेजचा फॉल्ट. पाठवणारं टोक १००० मेगावॅट ढकलतंय, घेणाऱ्याला बाहेर काढता येत नाही. हिशेब हातानेच करा. दोन स्टेशनांत मिळून ६० मेगाज्यूल, केबल सोडून. दर मिलिसेकंदाला १ मेगाज्यूलची भर. १० मिलिसेकंदांनी ऊर्जा ७०, म्हणजे व्होल्टेज १.०८. २० मिलिसेकंदांनी १.१५. फॉल्ट सुटायला १०० मिलिसेकंद लागले तर कागदावर १.६३ येतं, प्रत्यक्षात त्याआधीच सगळं ट्रिप झालेलं असतं.

तेव्हा वेळ आहे ती दहा-पंधरा मिलिसेकंदांची. पाठवणाऱ्या टोकाने स्वतःच्या डीसी व्होल्टेजकडे बघून पॉवर कमी करायची, दुसऱ्या टोकाच्या निरोपाची वाट बघायची नाही. कुडूस ते आरे सुमारे ८० किलोमीटर, फायबरमधून प्रकाशाला ०.४ मिलिसेकंदच लागतात. पण फॉल्ट ओळखणं, निरोपाची तपासणी, पलीकडचं चक्र यांत मिलिसेकंद भराभर जातात. पाठवणाऱ्या टोकाला पॉवर कमी करणं शक्य नसेल, उदाहरणार्थ पलीकडे पवनचक्क्या असतील, तर जास्तीची ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळणारा डीसी चॉपर लागतो. पूर्ण पॉवर १५० मिलिसेकंद खायची म्हणजे १५० मेगाज्यूल, रेझिस्टर त्या हिशेबाने.

एका फेजच्या फॉल्टमध्ये डीक्यूत १०० हर्ट्झ उमटतं. ते पीएलएल आणि बाहेरच्या लूपमध्ये जाण्याआधी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सीक्वेन्स वेगळे करा. करंट लूपला मात्र जाड फिल्टर लावू नका, त्याचा वेग तिथेच मरतो.

ओव्हरहेड भागावर डीसी फॉल्ट झाला तर हाफ-ब्रिज कन्व्हर्टर ब्लॉक करूनही एसी ग्रिड डायोडमधून फॉल्टला करंट देतच राहतं. ब्लॉक केलं म्हणजे झालं, असं समजू नका. एसी ब्रेकर उघडेपर्यंतचा करंट मोजा.

मग रेशो ३ आणि २ च्या फाइली. रेशो २ वर पूर्ण पॉवर नेताना थरथर सुरू झाली तर करंट लूपला हात लावू नका, तो तुम्ही सिद्ध केलेला आहे. आधी पीएलएल निम्म्या वेगाचा करा. मग स्थिर रिॲक्टिव्ह पॉवरऐवजी एसी व्होल्टेजचा लूप लावा. मग फीड-फॉरवर्डचा फिल्टर. एका वेळी एकच.

शेवटची चाचणी मुंबईत राहणाऱ्याने टाळूच नये. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. शहराला बाहेरून वीज आणणाऱ्या वाटा तुटल्यावर आत काय उरतं, हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. मॉडेलमध्ये मोठा सोर्स तोडा, एक लहान जनरेटर आणि लोड ठेवा. फ्रिक्वेन्सी घसरताना तुमचा कन्व्हर्टर जुना पॉवर ऑर्डर धरून बसतो की फ्रिक्वेन्सीनुसार वाढवतो ते बघा. मग जनरेटरही तोडा. पीएलएलच्या मागे जाणाऱ्या कंट्रोलला आता धरायला काहीच नाही, त्याची फ्रिक्वेन्सी भरकटत मर्यादेला जाते. ही अवस्था ओळखून एकतर स्वतः व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी उभी करणारा मोड घ्यायचा किंवा स्वच्छ ट्रिप व्हायचं. मधलं काही नको.

## थायरिस्टरची लिंक असेल तर

चंद्रपूर–पडघे ही एचव्हीडीसी लिंक १५०० मेगावॅट, ±५०० केव्हीची, थायरिस्टरवर (स्वतःहून बंद न करता येणाऱ्या स्विचवर) चालणारी. इथे वरचा हिशेब तसाच लावू नका. तिथे रेक्टिफायर (पाठवणारं टोक) करंट धरतो, इन्व्हर्टर (घेणारं टोक) व्होल्टेज किंवा एक्स्टिंक्शन अँगल (थायरिस्टरला बंद व्हायला मिळणारी सवड) धरतो, आणि इन्व्हर्टरलाही करंटचा एक कंट्रोलर असतो, पण त्याचा ऑर्डर सुमारे ०.१ पीयूने कमी. या फरकाला करंट मार्जिन म्हणतात. १५०० अँपिअरच्या लिंकवर ते १५० अँपिअर होतं.

ट्यूनिंगचा क्रम: आधी रेक्टिफायरचा करंट, मग इन्व्हर्टरचा अँगल, मग व्होल्टेज पडल्यावर करंटचा ऑर्डर कमी करणारं वळण, शेवटी पॉवर. ते वळण बंद ठेवून कम्युटेशन फेल्युअरची (एका थायरिस्टरकडून दुसऱ्याकडे करंट न जाण्याची) चाचणी घेतली तर पहिल्या फेल्युअरनंतर लागोपाठ दुसरं, तिसरं येतं आणि दोष अँगलच्या कंट्रोलरवर ढकलला जातो.

ऑर्डर बदलताना मार्जिन उलटं होऊ द्यायचं नाही. वाढवायचा असेल तर आधी रेक्टिफायरचा वाढवा, मग इन्व्हर्टरचा. कमी करायचा असेल तर आधी इन्व्हर्टरचा, मग रेक्टिफायरचा. मधली टेलिकॉम बंद असेल तर ऑर्डर आहे तिथेच गोठवा, आणि दोन्ही कंट्रोल रूम फोनवर असल्याशिवाय कोणीही तो हाताने हलवू नये.